खातं नावाची वस्तू

संगणकवाल्यांशी माझं वैर नाही. त्यांनी खुशाल मंगळावर यानं पाठवावीत. पण त्यांनी बँकेच्या खात्याला हात घातला, आणि तोही पाठ्यपुस्तकात, म्हणून हे लिहिणं आलं.

झालं असं की, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्या कन्येला 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग' हा विषय आहे. भाईंदरच्या आमच्या घरात अभ्यासाचं आणि जेवणाचं टेबल एकच. आमटीची वाटी ठेवताना सहज नजर गेली, तर पुस्तकात उदाहरण 'बँक अकाउंट'! बावीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी. भात तसाच ठेवून वाचायला लागलो.

"सोपं आहे बाबा," कन्या म्हणाली. "खातं म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्याच्या पोटात शिल्लक. बाहेरच्यानं शिल्लकेला हात लावायचा नाही. 'भर' किंवा 'काढ' एवढंच सांगायचं. आतलं ते बघून घेईल. याला एन्कॅप्सुलेशन म्हणतात."

"याला कॅशियरचा पिंजरा म्हणतात," मी म्हणालो. मी नोकरीला लागलो तेव्हाचे आमचे हेडकॅशियर खुद्द मॅनेजरला ड्रॉवरमध्ये हात घालू देत नसत. स्लिप द्या, पैसे घ्या, चालू लागा.

कल्पना मात्र झकास, हे कबूल करतो. ती निघाली नॉर्वेत. १९६०च्या दशकात ऑस्लोच्या डाल आणि नीगार्ड या दोघांनी 'सिम्युला' ही भाषा केली. त्यांच्या सुरुवातीच्या आराखड्यात होती 'स्टेशनं' आणि त्यांच्यापुढं सरकणारी 'गिऱ्हाईकं'. म्हणजे हे काउंटरचंच अपत्य! पुढं अमेरिकेत अ‍ॅलन के यांनी 'स्मॉलटॉक' केली आणि या प्रकाराला हे नाव दिलं. १९९८ साली ते स्वतःच पस्तावले, की लोक 'ऑब्जेक्ट' शब्दाला चिकटले. खरी गोष्ट होती एकानं दुसऱ्याला पाठवायचा निरोप. म्हणजे ड्रॉवर नव्हे, स्लिप.

आता पुस्तकातला 'काढ' पाहा. शिल्लक बरोबर शिल्लक वजा रक्कम. बस्स! आमच्याकडे एखाद्या क्लार्कनं असं केलं तर दुसऱ्या दिवशी चार्जशीट. पैसे खात्यातून गेले, पण आले कुठं? नावे आहे, जमा कुठाय? लुका पाचोली यांनी दुहेरी नोंदीची पद्धत १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून दिली. ती या मंडळींपर्यंत अजून पोचायचीय. शिल्लक ही वस्तूच नव्हे हो! ती नोंदींची बेरीज. चूक झाली तर आम्ही खोडरबर घेत नाही, उलटी नोंद करतो. वस्तू करायचीच तर नोंदीची करा.

पुढचं प्रकरण वारशाचं, म्हणजे इनहेरिटन्सचं. मूळ खातं हा बाप; बचत, चालू, मुदत ठेव ही मुलं. बापाला येतं ते मुलांना आपोआप येतं म्हणे. अनुकंपा तत्त्वावर बापाच्या खुर्चीत बसलेले चिरंजीव मी पाहिले आहेत, तेव्हा यावर अधिक बोलत नाही. पण साध्या मुदत ठेवीला म्हणावं, पाचशे रुपये काढ. पावतीच मोडावी लागते! कॅश क्रेडिटवाल्याची शिल्लक शून्याखाली असते, हाच त्याचा धर्म. बाप चालतो तिथं मूल बिनतक्रार चाललंच पाहिजे, असं बार्बरा लिस्कोव्ह बाईंनी १९८७ सालीच बजावलं होतं. त्यांना २००८चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. आमच्या कन्येच्या पुस्तकाला पत्ता नाही.

तुम्ही म्हणाल, पुस्तकातल्या चुकीनं कुणाचं काय बिघडतं? उत्तनहून बसनं येणाऱ्या एका आजींचं बिघडलं. नवऱ्याबरोबर जोडखातं, दोघांपैकी कोणीही, किंवा मागं राहील त्याचं. म्हातारा गेला. आजी दाखला घेऊन आल्या, मी इमानेइतबारे 'मयत' अशी खूण केली, आणि अख्ख्या खात्याला कुलूप लागलं. नियमानं पैसे आजींचे. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं धरलं होतं की खात्याला मालक एकच, दुसरं नाव शोभेचं.

"आजी, सिस्टीम घेत नाही," मी म्हणालो.

"कोन हाय ती? तिला सांगा की!"

अ‍ॅलन के यांचं अख्खं तत्त्वज्ञान काउंटरपलीकडून ऐकायला मिळालं. मी मात्र काचेआड बसून मान हलवत राहिलो. निरोप घ्यायला आत कोणी नव्हतंच. पावसाआधी छप्पर करायचं म्हणून आजी तीन खेपा आल्या. चौथ्या खेपेला हेड ऑफिसातून कुलूप निघालं, तोवर जून लागला होता.

हे मी कन्येला तावातावानं सांगितलं. स्लिपच्या पाठीमागं नवा क्लासही आखून दिला: नोंदी, नावे-जमा, दोन धनी, मागं राहील त्याचा हक्क. तिनं तो नीट वाचला.

"बरोबर आहे बाबा. पण परीक्षेत काय लिहू? दहा मार्कांचा प्रश्न आहे."

मी गार झालेली आमटी पुढं ओढली.

"पुस्तकातलंच लिही," मी म्हणालो.