मतदारयादीची शुद्धता आणि संसदेचे उत्तरदायित्व

डिसेंबर २०२५ च्या ९ व १० तारखांना लोकसभेत ‘निवडणूक सुधारणां’वर चर्चा झाली. विरोधी पक्षांनी मागितली होती ती चर्चा मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणावर. त्या वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात ही मागणी फेटाळण्यात आली. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे आणि निवडणूक आयोगाच्या कारभाराची चर्चा सभागृहात करता येत नाही, अशी कारणे तेव्हा देण्यात आली. पुढे ३० सप्टेंबरला बिहारची अंतिम यादी प्रसिद्ध झाली, नोव्हेंबरमध्ये त्या यादीवर निवडणूकही उरकली, आणि त्यानंतर संसदेला बोलण्याची मुभा मिळाली. तीही विषयाचे नाव बदलून. ज्या संसदेचा जन्मच मतदारयादीतून होतो, तिने त्या यादीविषयी सर्वांत शेवटी बोलावे, ही गोष्ट साधी नाही.

मतदारयादी शुद्ध असावी याबद्दल कोणत्याही लोकशाहीवादी पक्षाचे दुमत असू शकत नाही. मृतांची नावे, दुबार नोंदी, बोगस पत्ते यांचा फायदा उठवतो तो पैशाचा आणि सत्तेचा धनी. श्रमजीवी जनतेला त्यातून काहीच मिळत नाही. परंतु यादी दोन प्रकारे अशुद्ध होते: नसावे ते नाव तिच्यात राहिले म्हणजे, आणि असावे ते नाव तिच्यातून गेले म्हणजे. पहिल्या दोषाने एक मत वाढते. दुसऱ्या दोषाने एक नागरिक नाहीसा होतो. शुद्धीकरणाचा डांगोरा पिटणारे राज्यकर्ते पहिल्या दोषाविषयी उच्चरवाने बोलतात आणि दुसऱ्याविषयी मौन पाळतात.

बिहारचे आकडे बोलके आहेत. २४ जून २०२५ रोजी पुनरीक्षणाचा आदेश निघाला तेव्हा राज्यात सुमारे ७ कोटी ८९ लाख मतदार होते. अवघ्या एका महिन्यात घरोघर प्रपत्रे वाटून ती परत गोळा करण्यात आली. १ ऑगस्टच्या मसुदा यादीत ७ कोटी २४ लाख नावे उरली. सुमारे ६५ लाख वगळली गेली. ही नावे कोणाची आणि ती का गेली, हेसुद्धा आयोगाने आपण होऊन उघड केले नाही. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कारणांसह ती प्रसिद्ध झाली. अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख नावे आली. मसुद्यानंतर २१ लाखांहून अधिक नावे यादीत घालावी लागली. नव्याने मतदार झालेल्यांचा त्यातील वाटा वजा केला, तरी जी यादी दोन महिन्यांत एवढी हलते, ती घाईने केलेली होती हे वेगळे सिद्ध करावयास नको.

लोकसभेतील उत्तरात गृहमंत्र्यांनी सारा भर घुसखोरांवर दिला. तथापि मसुद्यातून वगळलेल्या ६५ लाखांची जी कारणे आयोगाने स्वतः सांगितली, ती अशी: सुमारे २२ लाख मृत, सुमारे ३६ लाख कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले, आणि सुमारे ७ लाख एकाहून अधिक ठिकाणी नोंदलेले. बेरीज येथेच पूर्ण होते. परकीयांचा रकाना या हिशेबात नाही. सरकार ज्या भीतीचा पुकारा सभागृहात करते, ती आयोगाच्या तक्त्यात सापडत नाही. सापडतो तो पोटासाठी गाव सोडलेला मजूर.

मुख्य प्रश्न आहे तो पुराव्याच्या ओझ्याचा. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताधिकार दिला. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने यादी तयार करण्याचे काम अधिकाऱ्यावर सोपवले. १९९५ साली लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ज्याचे नाव आधीच यादीत आहे त्याची नोंद रीतसर झाली होती हे अधिकाऱ्याने ध्यानात घेतले पाहिजे, आणि नोटीस व चौकशी यांवाचून ते नाव काढता येणार नाही. २०२५ च्या पुनरीक्षणाने हा क्रमच उलटा केला. २००३ च्या यादीत नाव नसलेल्या प्रत्येकाने, मग त्याने मधल्या काळात कितीही वेळा मतदान केलेले असो, ११ कागदांपैकी एखादा कागद दाखवून आपली पात्रता सिद्ध करावी, असे फर्मान निघाले. त्या ११ कागदांत शिधापत्रिका नव्हती, आधार नव्हते, आयोगानेच दिलेले मतदार ओळखपत्रही नव्हते! ८ सप्टेंबरला न्यायालयाने सांगितले तेव्हा आधार हा बारावा कागद ठरला.

जन्मदाखला, मॅट्रिकचे प्रमाणपत्र, जमिनीचा कागद या वस्तू कोणाच्या पेटीत असतात? सनातनी व्यवस्थेने ज्यांना शाळेबाहेर ठेवले आणि जमीनदारी व्यवस्थेने ज्यांना भूमिहीन ठेवले, त्यांच्या पेटीत त्या नसतात. विवाहित स्त्रीला तर पुराव्यासाठी माहेरच्या गावातील आईबापांची जुनी नोंद शोधावी लागते. सुरतेच्या कापड धंद्यात किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर राबणारा बिहारी कामगार महिन्याभराच्या मुदतीत रोजगार बुडवून गावी कसा जाणार? कागदाची अट दिसावयास सर्वांना समान असते. तिचा भार मात्र वर्गाप्रमाणे पडतो. ब्रिटिश अमदानीत मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींवर मताधिकार मिळत असे. त्या अटी संविधानाने मोडल्या. त्यांना कागदपत्रांच्या मागील दाराने परत येऊ देता कामा नये.

हा धोका नवा नाही. १५ जून १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केंद्रीय निवडणूक आयोगाची कल्पना मांडली. त्यामागचे कारण त्यांनी स्पष्ट सांगितले होते: काही प्रांतांतील सरकारे वंशाने, भाषेने वा संस्कृतीने आपल्यांपैकी नसलेल्या लोकांना मतदारयादीबाहेर ठेवण्याचा उद्योग करीत होती. म्हणजे नावे वगळली जाऊ नयेत, हे आयोगाच्या जन्माचेच एक प्रयोजन होते. तरीही १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली, कारण त्यांची नोंद अमक्याची पत्नी, तमक्याची आई अशी झाली होती. अशा अपुऱ्या नोंदी टाळून स्त्रीचे स्वतःचे नाव यादीत आणण्यासाठी पुढे प्रयत्न करावे लागले. अशुद्ध नोंदीवरचा उपाय नोंद सुधारणे हा असतो. माणूस खोडणे हा नव्हे.

महाराष्ट्रात तक्रार उलट दिशेची होती. २०२४ च्या लोकसभा व विधानसभा निवडणुकांच्या दरम्यान राज्याच्या यादीत सुमारे ४० लाख मतदारांची भर पडली. ही वाढ आणि दुबार नावे यांविरुद्ध १ नोव्हेंबर २०२५ रोजी विरोधी पक्षांनी मुंबईत मोर्चा काढला. आयोगाने आक्षेप नाकारले. नाकारण्याचा अधिकार आयोगाला आहे. परंतु शंका फिटते ती तपासणीने, नकाराने नव्हे. यंत्रावर शोधता येईल अशा स्वरूपात यादी देण्यास आयोग का कचरतो? बिहारमध्ये गेलेली नावे असोत की महाराष्ट्रात आलेली, दोन्हींचे मूळ एकच आहे. यादी जनतेची असून तिची तपासणी जनतेच्या हाती नाही.

या घाईची किंमत मतदारांबरोबर कर्मचाऱ्यांनीही मोजली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ९ राज्ये व ३ केंद्रशासित प्रदेशांत, सुमारे ५१ कोटी मतदारांसाठी दुसरा टप्पा सुरू झाला. गोवा, गुजरात, मध्यप्रदेश ही मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेली राज्ये त्यात होती. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून राबणाऱ्या शिक्षकांवर व अंगणवाडी सेविकांवर असह्य ताण पडला, काहींच्या मृत्यूच्या वार्ता आल्या, आणि ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाला जादा माणसे नेमण्यास राज्यांना सांगावे लागले.

संसदेने हे आधीच पाहावयास हवे होते. परंतु २०२१ साली आधार आणि मतदारयादी जोडणारे विधेयक दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून गोंधळात संमत झाले. २०२३ च्या कायद्याने आयुक्तांच्या निवड समितीत सरन्यायाधीशांऐवजी केंद्रीय मंत्री बसवून सरकारचे बहुमत पक्के केले. ज्या डिसेंबरमध्ये यादीची चर्चा निष्फळ झाली, त्याच महिन्यात ग्रामीण रोजगार हमीचा २००५ चा कायदा बाजूला सारणारे विधेयकही लोकसभेने घाईने संमत केले. मतदारयादी, जॉबकार्ड, शिधापत्रिका: गरिबाचे आयुष्य याद्यांवर तोललेले असते. ज्याचे नाव एका यादीतून निघते, त्याला दुसरीतून काढणे सोपे जाते. ९ जुलै २०२५ रोजी देशभरचे कामगार श्रमसंहितांविरुद्ध संपावर गेले आणि त्याच दिवशी बिहार मताधिकारासाठी बंद राहिला. हे दोन लढे एकाच जनतेचे होते.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. नोटीस, चौकशी आणि लेखी आदेश यांवाचून एकही नाव वगळले जाऊ नये. वगळलेल्या व नव्या नावांची कारणांसह यादी प्रत्येक ग्रामपंचायतीत व मतदान केंद्रावर लागावी आणि तिचे चावडीवाचन व्हावे. स्थलांतरित मजूर परतण्याच्या हंगामाशी पुनरीक्षणाचा मेळ घालावा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर नोव्हेंबरात घरी सापडत नाही, ही गोष्ट मुंबईच्या मंत्रालयालाही ठाऊक आहे.

परंतु केवळ मागण्यांनी यादी शुद्ध होत नाही. प्रत्येक शाखेने आपल्या केंद्राची यादी हातात घेऊन वस्तीवस्तीत, घराघरांत वाचली पाहिजे. मृताचे नाव निःसंकोच दाखवून दिले पाहिजे आणि जिवंताचे नाव परत मिळेपर्यंत स्वस्थ बसता कामा नये. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात घोषणा नाहीत. तरीही मताधिकाराच्या लढ्यातील पहिली चौकी तीच आहे, आणि ती ओस पडू न देणे हे प्रत्येक पक्षसभासदाचे कर्तव्य आहे.