कुलूपबंद घर आणि ‘बाहेरचा’ भाडेकरू

व्हँकुव्हरमध्ये परदेशी पैशाने घरं महाग केली, हे काही अंशी खरं आहे. २०१६ साली ब्रिटिश कोलंबिया सरकारने तिथल्या परदेशी खरेदीदारांवर १५ टक्के कर लावला, २०१८ मध्ये तो २० टक्के केला. २०२३ पासून कॅनडाने बहुतेक शहरांत अशा खरेदीवर बंदीच घातली. तरी पगारदाराला तिथे घर परवडत नाही. कारण शहराच्या मोठ्या भागात कित्येक दशकं बंगल्यांपलीकडे फारसं बांधूच दिलं नाही.

मला खटकतं ते वेगळंच. बंगला घेऊन कुलूप लावणारा गुंतवणूकदार आणि बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारा विद्यार्थी, दोघेही ‘बाहेरचे’! पुण्यात माझं नाव ऐकताच ‘मालकांना विचारून कळवतो’ म्हणणारे एजंट मला भेटलेत. (अजून कळवतायत.) त्यामुळे या शब्दाची मला धास्तीच आहे.

व्हँकुव्हर महापालिकेचा २०१७ पासूनचा रिकाम्या घरांवरचा कर मला पटतो. मालक कुठला, हे तो विचारत नाही; घरात कोणी राहतं का, एवढंच विचारतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईतही रिकामी घरं लाखांनी निघाली होती. आपल्या वॉर्डात किती आहेत, हे नगरसेवकांना विचारू या.