कुत्र्याशी बोलताना

पहाटे सहाच्या सुमारास एक निवृत्त गृहस्थ इमारतीचा जिना उतरत असतात. त्यांच्या हातात साखळी असते आणि साखळीच्या टोकाशी तांबूस रंगाचा, वयाने प्रौढ झालेला कुत्रा. गृहस्थांचे बोलणे पहिल्या पायरीपासून सुरू झालेले असते. ‘‘हळू उतर रे मोत्या. काल पाय मुरगळलाय ना तुझा? आज दूधवाल्याला उशीर झालेला दिसतो. आणि त्या कोपऱ्यावरच्या टोळीकडे बघायचंसुद्धा नाही, आधीच सांगून ठेवतो.’’ कुत्रा कान हलवतो, क्वचित मान वर करून पाहतो आणि पुढे चालू लागतो. पाणी भरायला उठलेले शेजारी हसतात. गृहस्थांच्या पत्नीचे म्हणणे थोडे अधिक बोचरे असते : घरात चार शब्द बोलायचे म्हटले तर यांच्या जिवावर येते, आणि कुत्र्यापुढे मात्र पुराण चालते.

असे दृश्य आज कोणत्याही शहरात दिसते. कुत्र्याशी बोलणाऱ्या माणसावर साधारणपणे दोन आरोप होतात. पहिला असा की, ज्याला भाषा कळत नाही त्याच्याशी बोलणे हा वेडेपणा आहे. दुसरा असा की, माणसांविषयीचा जिव्हाळा आटला म्हणजे तो कुत्र्यांकडे वळतो. पहिला आरोप फारसा टिकणारा नाही. दुसऱ्याचा मात्र गंभीरपणे विचार केला पाहिजे.

जनावरांशी बोलणे ही काही शहरी हौसेतून निघालेली नवी रीत नव्हे. शेतकरी औत हाकताना बैलाशी बोलतो, त्याची समजूत घालतो, त्याच्यावर रागावतो. त्याला कोणी वेडा म्हणत नाही. मराठी भाषेने तर कुत्र्यासाठी स्वतंत्र शब्दच राखून ठेवले आहेत. जवळ बोलवायचे तर ‘यू यू’, अंगावर सोडायचे तर ‘छू’ आणि हाकलायचे तर ‘हाड्’. या तीन ध्वनींत माणूस आणि कुत्रा यांचा सगळा जुना व्यवहार सामावलेला आहे. संत नामदेवांची कथा घरोघरी सांगितली जाते. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा नामदेव काठी घेऊन धावले नाहीत. तुपाची वाटी घेऊन धावले आणि कोरडी भाकरी खाऊ नकोस म्हणून त्याला विनवू लागले. भाविक या कथेत सर्वांभूती परमेश्वर पाहतात, ते योग्यच आहे. पण हीच कथा कुत्र्याशी आदराने बोलणाऱ्या एका माणसाचीही आहे.

आता प्रश्न असा की, कुत्र्याला यातले कळते किती? याचे उत्तर पूर्वी मालकाच्या कौतुकावर अवलंबून असे. गेल्या वीस-बावीस वर्षांत मात्र त्याचा पद्धतशीर शोध घेतला गेला आहे. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात जॉन पिली नावाच्या मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी ‘चेसर’ या आपल्या कुत्रीला खेळण्यांची नावे शिकवली. सुमारे तीन वर्षे रोज काही तास हा अभ्यास चालला आणि चेसर १,०२२ खेळणी नावानिशी ओळखून आणू लागली. २०११ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. अर्थात चेसर ही मेंढ्या राखणाऱ्या एका चलाख जातीची होती आणि तिला गुरूही तसाच चिकाटीचा लाभला होता. घरोघरच्या मोत्याकडून अशी अपेक्षा धरणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल.

हंगेरीतील बुडापेस्ट शहरी झालेला एक प्रयोग घरोघरच्या मोत्याच्या अधिक जवळचा आहे. तेथील संशोधकांनी तेरा कुत्र्यांना एमआरआय यंत्रात स्वेच्छेने निश्चल पडून राहण्यास शिकवले, आणि मग त्यांना त्यांच्या शिक्षिकेचा आवाज ऐकवला. कधी शाबासकीचे शब्द शाबासकीच्याच सुरात, कधी तेच शब्द कोरड्या सुरात, तर कधी निरर्थक वाटणारे शब्द लाडिक सुरात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, कुत्र्याचा मेंदू शब्द आणि सूर या दोहोंची वेगवेगळी दखल घेतो. परंतु आनंदाशी निगडित असलेला मेंदूचा भाग शब्द आणि सूर जुळले तरच जागा होतो. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासातही असेच काहीसे आढळले. लाडिक आवाजात कुत्र्याच्याच जिव्हाळ्याच्या गोष्टी बोलणाऱ्या माणसाजवळ प्रौढ कुत्री अधिक वेळ थांबली. म्हणजे वर्तमानपत्रात डोके खुपसून ‘‘हो हो, शहाणा आहेस’’ असे पुटपुटणाऱ्या धन्याची शाबासकी कुत्र्याला पोचत नाही. ती माणसालाही पोचत नाही, हा भाग वेगळा.

भाषेबाबत आपल्याकडे एक गमतीची चाल आहे. ज्या घरात मुलांशी, भाजीवाल्याशी, देवाशी मराठीत बोलले जाते, त्या घरातही कुत्र्याला आज्ञा मात्र इंग्रजीत दिल्या जातात. ‘सिट’, ‘कम’, ‘नो’. मग तोच कुत्रा आजारी पडला की उशाशी बसून ‘‘काय होतंय रे माझ्या राजाला?’’ असे विचारले जाते. हुकमाची भाषा एक आणि मायेची भाषा दुसरी, अशी ही वाटणी आहे. ‘बस’ हा शब्द ‘सिट’पेक्षा लांब नाही की अवघडही नाही. कुत्र्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, एका कृतीसाठी घरातल्या सर्वांनी एकच शब्द वापरावा. वडील ‘सिट’ म्हणतात, आजी ‘खाली बस’ म्हणते, आणि धाकटा मुलगा नुसतेच बोट दाखवतो. अशा घरातला कुत्रा हट्टी ठरतो, आणि दोष त्याच्या जातीला दिला जातो.

कुत्र्याशी होणाऱ्या बोलण्याचा आणखी एक प्रकार आहे. तो कुत्र्यासाठी नसतोच. सासूबाई सकाळी उंबऱ्याशी बसून म्हणतात, ‘‘मोत्या, तुला तरी चहा मिळाला का रे?’’ स्वयंपाकघरातून उत्तर येते, ‘‘मोत्या, चहा केव्हाचा गाळून ठेवलाय म्हणावं. निवत चाललाय.’’ मोत्या दोन्ही दिशांना पाहतो आणि शेपूट हलवतो. चहा घेतला जातो, भांडण होत नाही. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, कुटुंबांच्या रोजच्या संभाषणांची ध्वनिमुद्रणे तपासून नेमकी हीच गोष्ट दाखवून दिली आहे. घरातली माणसे पाळीव प्राण्याशी, किंवा त्याच्या तोंडून, बोलतात ती परस्परांना काही सांगण्यासाठी. टीका सौम्य करायला, राग हसण्यावारी न्यायला, सरळ मागता न येणारी क्षमा मागायला त्यांना हा मध्यस्थ उपयोगी पडतो. टॅनन यांना हे अमेरिकन घरांत सापडले. आपल्याकडे तर ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण कुत्रा घरात येण्याआधीपासूनच तयार होती. हा प्रकार वाईट मानण्याचे कारण नाही. समोरासमोर बोलले असते तर जे शब्द जखम करून गेले असते, ते कुत्र्यामार्फत गेल्याने निभावतात. मात्र महिनोन्महिने घरातली दोन माणसे एकमेकांशी केवळ कुत्र्यामार्फतच बोलत असतील, तर त्या घरात सांभाळण्याची गोष्ट कुत्र्याखेरीज दुसरी आहे हे ओळखावे.

या बोलण्यात खरा धोका आहे तो वेगळ्याच ठिकाणी. माणूस कुत्र्याशी बोलता बोलता त्याच्यावर खटला चालवू लागतो. संध्याकाळी दार उघडावे तो उशीचा कापूस घरभर पसरलेला असतो. ‘‘हे कोणी केलं? बोल! तूच ना?’’ कुत्रा कान पाडतो, नजर चुकवतो, पोटाशी शेपूट घेतो. ‘‘बघा, चूक कळलीय त्याला,’’ असे म्हणून शिक्षा फर्मावली जाते. न्यूयॉर्कमधील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी या ‘अपराधी चेहऱ्या’ची परीक्षा घेतली. खाऊ समोर ठेवून मालकाने ‘खायचा नाही’ असे बजावायचे आणि बाहेर जायचे. मालक परतल्यावर त्याला काही वेळा खरे, काही वेळा खोटे सांगितले गेले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असे दिसले की, चौदा कुत्र्यांच्या चेहऱ्यावरचा तो भाव खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो भाव उमटत होता. इतकेच नव्हे, तर ज्यांनी काहीच केले नव्हते आणि तरी ज्यांना बोलणी खावी लागली, त्यांच्यात तो अधिक ठळक होता. ज्याला माणूस कबुलीजबाब समजतो, ते केवळ त्याच्याच आवाजाला घाबरणे असते. तीन तासांपूर्वी फाडलेली उशी आणि आत्ताचा फटका यांचा संबंध कुत्र्याला लागत नाही. त्याला एवढेच कळते की, धनी घरी आला म्हणजे काही वेळा मार बसतो.

महाभारताच्या आदिपर्वात आरंभीच अशा एका खटल्याची कथा आहे. जनमेजय राजाचे कुरुक्षेत्रात दीर्घ सत्र चालू असताना तेथे एक कुत्रा आला. राजाच्या भावांनी त्याला मारले. तो रडत आपली आई सरमा हिच्याकडे गेला. मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही, असे त्याने सांगितले. सरमा दुःखाने यज्ञमंडपात आली आणि तिने विचारले, याने काही अपराध केला नसताना याला का मारले? त्यावर त्या राजपुत्रांनी काहीच उत्तर दिले नाही. तेव्हा, तुमच्यावर न दिसणारे भय कोसळेल, असा शाप तिने दिला. शापाचा भाग सोडून दिला, तरी ते मौन लक्षात राहते. कुत्र्यांशी एरवी एवढे बोलणाऱ्या माणसांना त्या एका प्रश्नाचे उत्तर सुचले नाही.

गोड बोलणे हे अनेकदा करायच्या गोष्टीची जागा घेते, हेही नमूद केले पाहिजे. ‘‘माझं बाळ ते, माझं सोनं,’’ असे दिवसातून दहादा म्हटले जाते आणि ते सोने सकाळपासून रात्रीपर्यंत गॅलरीत आखूड साखळीने बांधलेले असते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात याचा स्पष्ट उल्लेख आहे : नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्यात हयगय करणे हा मालकाचा गुन्हा मानला आहे. स्वर्गाच्या दारी सोबतच्या कुत्र्यासाठी इंद्राशी वाद घालणाऱ्या युधिष्ठिराची कथा सांगणारे पुष्कळ आहेत. संध्याकाळी अर्धा तास साखळी घेऊन बाहेर पडणारे त्यामानाने कमी.

आता दुसरा आरोप. काही घरांत तो शब्दशः खरा आहे. कुत्र्याला ‘‘जेवलास का राजा?’’ असे विचारणारा आवाज भांडी घासणाऱ्या बाईशी बोलताना एकदम चढतो. तिने दुपारी काही खाल्ले की नाही, हे वर्षभरात एकदाही विचारलेले नसते. हे दृश्य पाहणाऱ्याला कुत्र्याचा राग आला, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु कुत्र्याशी बोलणे बंद केल्याने तो आवाज त्या बाईशी मऊ होईल, असे मानण्यास आधार नाही. कुत्रा उलट बोलत नाही, पगारवाढ मागत नाही, जुने बोलणे काढून दाखवत नाही. त्याच्याशी मृदू राहणे सोपे आहे. जे सोपे आहे ते करणाऱ्याला अवघड तेही जमेल असे नव्हे. मात्र मृदू सूर त्याच्या गळ्यात आहे, हे तरी सिद्ध झालेले असते, आणि मग ‘माझा स्वभावच तापट’ ही सबब त्याला उरत नाही.

एकाकी माणसांची गोष्ट निराळी आहे. मुले परगावी किंवा परदेशी, जोडीदार नाही, दूरध्वनी आठवड्यातून एकदा. अशा घरात दिवसभर एकही शब्द उच्चारला गेला नाही, तर विचारणारे कोणी नसते. तेथे ‘‘चल रे, पाऊस आला, कपडे काढू या’’ हे वाक्य कुत्र्यासाठी असेल वा नसेल, ते मोठ्याने उच्चारले जाते हे महत्त्वाचे. त्या निमित्ताने बाहेर पडावे लागते, वाटेत कोणी तरी ‘‘चावतो का हो?’’ असे विचारते, आणि कुत्र्यापासून सुरू झालेले बोलणे गुडघेदुखीपर्यंत जाते.

जिना उतरून गेलेले ते गृहस्थ तासाभराने परततात. मोत्या अजून किंचित लंगडत असतो. दारात उभ्या असलेल्या पत्नी त्याच्याकडे पाहत म्हणतात, ‘‘दुखतोय का रे पाय अजून? ये आत, तेल कोमट करून ठेवलंय.’’

गृहस्थ चपला काढता काढता भिंतीचा आधार घेतात. ‘‘मोत्या, थोडं तेल शिल्लक ठेवा म्हणावं,’’ ते म्हणतात. ‘‘आज गुडघा आपलाही दुखतोय.’’

‘‘मग मला सांगायला काय झालं?’’ असे म्हणत त्या वाटी आणायला आत जातात.