नशेत असला तरी तो आमचाच
(जाहीरनामा)

लष्कर, ग्वाल्हेर

आम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं. आमच्यातले काही स्मॅक ओढत होते, काही अजून ओढतात. बाकीच्यांच्या घरात मुलगा, नवरा नाहीतर दीर नशेत आहे. आजवर हे आम्ही शेजारच्या काकूंपासूनही लपवलं. "पुण्याला नोकरीला असतो" असं सांगून पोराला आतल्या खोलीत कोंडलं, लग्नपत्रिकेतून त्याचं नाव गाळलं. गणपतीच्या आरतीला तो आला की बायका पर्स जवळ ओढतात. ते त्याला दिसतं, आणि पुढच्या वर्षी तो येत नाही. त्या वेळी तो कुठे असतो, हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. ही लपवाछपवी आम्ही आजपासून बंद करत आहोत.

'आपल्यात असलं नव्हतं' हे म्हणणंही सोडू. मंदसौर-नीमचचा अफूचा मुलूख शिंद्यांच्याच संस्थानात होता. तिथे आजही परवान्यावर अफू पिकते, नीमचला सरकारी कारखाना आहे. एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय अहवालानुसार अफू, हेरॉइन आणि त्या जातीची औषधं घेणारे देशात सुमारे २ कोटी २६ लाख आहेत. एवढ्या सगळ्यांच्या आया संस्कारांत कमी पडल्या का?

नशा तुटली की टर्की लागते: हाडं ठणकतात, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात, रात्र रात्र झोप नसते. ते पाहून घरचे म्हणतात, नाटकं करतोय. पण खरा धोका पुढे असतो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटलेल्याच्या शरीराची सवय मोडलेली असते, आणि जुना डोस तेव्हा जीव घेतो. नेमक्या त्याच दिवसांत आम्ही त्याला दार उघडत नाही!

मारहाण करून, साखळीने बांधून नशा सोडवणाऱ्या केंद्रांत आम्ही आमचं माणूस पाठवणार नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचा आजारही येतो, आणि त्या कायद्याने साखळदंडाला बंदी आहे. पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे बरे झालेले रुग्णच नव्या रुग्णांना सांभाळतात. तसं काम आम्हाला इथे हवं आहे. सरकारी दवाखान्यात ब्युप्रेनॉर्फिन हे स्मॅकच्या व्यसनावरचं औषध नियमित मिळालं पाहिजे, आणि ते वर्षानुवर्षं घेणाऱ्याला 'अजून नशेतच आहे' म्हणणं थांबलं पाहिजे.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही एकत्र बसू. नशा करून आलेल्यालाही जागा मिळेल आणि चहाही. पुन्हा घसरलेल्याला कुणी हिशोब विचारणार नाही. बायकांची बैठक वेगळी होईल, कारण दागिने कुठे गेले हे नवऱ्यासमोर सांगता येत नाही.

स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, थोडा माल सापडला तरी, १९८५च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४अ खटल्यापासून संरक्षण देतं. आमच्यातल्या कुणाला चौकीत नेलं, तर त्या कलमाची प्रत घेऊन आमचे दोघे जण रात्री-अपरात्रीही तिथे पोचतील.