एक दिवस तंजावरला

तंजावरला जाणारे बहुतेक जण बृहदीश्वराचे शिखर पाहतात, फोटो काढतात आणि लगेच पुढची गाडी पकडतात. हे बरे नव्हे. राजराज चोळाचे, १०१० साली पूर्ण झालेले ते मंदिर डोळे भरून पाहावेच. पण तिथल्याच भिंतीवर १८०३ साली कोरलेला तंजावरच्या भोसले राजघराण्याचा मराठी इतिहासही आहे. कावेरीच्या मुलखात, दगडावर, आपली भाषा! थोडे थांबून चार ओळी तरी वाचा. दुपार सरस्वती महाल ग्रंथालयासाठी राखून ठेवा. याच घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी ते जिव्हाळ्याने वाढवले. राजे नेत्ररुग्णांवर उपचार करवीत. त्या रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे नोंदींसह तिथे जपलेली आहेत. मोडी कागदपत्रांचा साठाही मोठा आहे. मोडी शिकणाऱ्या वाचकांनी तर यंदाच्या सुट्टीत तंजावर गाठावेच.