कोटेशनमध्ये माती लिहा, मगच जेसीबी बोलवा



मावळात प्लॉट घेऊन होमस्टे किंवा छोटं रिसॉर्ट काढायचंय, असं तुमच्यापैकी बरेच जण सांगतात. हिशेबात स्टील असतं, सिमेंट असतं, इंटिरिअरही असतं. एकच ओळ नसते: पावसात माती कशी अडवणार?

मी हे नुकसान सोसून शिकलो. एका मे महिन्यात आमच्या दुकानाच्या वरच्या अंगाला एक प्लॉट जेसीबीने सपाट झाला. मुरमाचा ढीग उताराच्या तोंडावरच ठेवला. जुलैत गटार तुंबलं. सकाळी शटर उघडलं तर आत घोटाभर लाल चिखल! खालच्या रॅकमधला माल गेला. प्लॉटवाल्याने भरपाई दिली, गटार उपसून दिलं आणि वाहून गेलेला मुरूम पुन्हा विकत आणला. ताडपत्री आणि चर यांत त्याचं सगळं भागलं असतं.

नियम काय म्हणतात? २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. आपलं पाच गुंठ्यांचं काम त्यात येत नाही. म्हणून आपण सुटलो, असं समजू नका. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. मुरूम बाहेर विकायचा तर तहसीलची परवानगी आणि रॉयल्टी लागते. माझं मत स्पष्ट आहे: छोट्या प्लॉटलाही माती अडवण्याची अट बांधकाम परवानगीतच हवी. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी पुढे देहू-आळंदीला जाते. आपल्या उतारावरचा गाळ शेवटी तिच्यातच उतरतो. दहा छोटे प्लॉट मिळून एका मोठ्या साइटएवढाच चिखल करतात.

पण अट येईपर्यंत थांबू नका. एवढं करा:

- खोदाई मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपवा. लागेल तेवढीच जागा उघडी करा, बाकीचं गवत-झुडूप राहू द्या.
- मातीचा ढीग उतारापासून आणि ओढ्यापासून लांब ठेवा, वर ताडपत्री टाका.
- उताराला आडवे चर काढा. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात गाळ बसायला खड्डा ठेवा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर तो उपसा.
- गेटजवळ जाड खडी टाका, म्हणजे ट्रकच्या चाकांची माती रस्त्यावर येणार नाही.

यात नवीन काहीच नाही. आपला शेतकरी भातखाचराला बांध घालून पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलाय.

धंदा करायचाय तर खालच्या घरातला माणूस हा तुमचा पहिला शेजारी. त्याच्या दारात चिखल घालून उद्घाटनाचा नारळ फोडू नका. आजच कोटेशन काढा आणि ती एक ओळ लिहा.