विश्लेषण : मोबाइल कपाशीचा रोग ओळखतो, पण चुकला तर?

कपाशीच्या पानाचा फोटो काढायचा आणि रोगाचे नाव, औषध मिळवायचे, अशी सोय देणारी अ‍ॅप आता मराठीतही आहेत. मात्र यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला. अ‍ॅपचे चुकीचे उत्तर म्हणजे आणखी एक नको असलेली फवारणी.

यंत्र पानात काय पाहते?
संगणकासाठी फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. शेजारच्या ठिपक्यांची उजळता कशी बदलते, यावरून तो पानाचा पोत मोजतो. रॉबर्ट हॅरालिक आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये यासाठी 14 मापे मांडली. आजचे न्यूरल नेटवर्क अशा खुणा हजारो फोटोंवरून स्वतःच शिकते.

घोडे कुठे अडते?
2016 मधील एका गाजलेल्या अभ्यासात 14 पिकांच्या 54,306 फोटोंवर 99.35 टक्के अचूकता मिळाली. वेगळ्या परिस्थितीतले फोटो दाखवताच ती 31 टक्क्यांच्या आसपास घसरली. शिकवणीचे फोटो साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेल्या, तोडलेल्या पानांचे होते. शेतात ऊन, सावली, धूळ असते. शिवाय त्या पिकांत कपाशी नव्हतीच. सोयाबीन होते, पण फक्त निरोगी पानांचे.

लक्षण एक, कारणे अनेक
पान लाल पडले की ‘लाल्या’ असू शकतो. तो अन्नद्रव्यांच्या कमतरतेतूनही येतो. तिथे कीटकनाशक निरुपयोगी. तुडतुड्यांमुळेही पानाच्या कडा लाल होतात. गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत असते. बाहेरचा पोत तिचा पत्ता देत नाही. म्हणूनच वाधवानी एआय या संस्थेने कामगंध सापळ्यातील पतंगांचा फोटो घेऊन ते मोजण्याची वाट धरली. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात 8 पतंग, ही फवारणीचा विचार करण्याची पातळी मानली जाते.

मग हवे काय?
शिकवणीचे फोटो इथल्याच शिवारातले हवेत आणि चाचणी मात्र यंत्राने न पाहिलेल्या शेतांवर व्हायला हवी. खात्री नसेल तर अ‍ॅपने तसे स्पष्ट सांगावे आणि औषधाचे नाव सुचवण्याऐवजी कृषी सहायकाकडे पाठवावे. अचूकतेच्या टक्केवारीपेक्षा, किती फवारण्या टळल्या, हाच यवतमाळसाठी खरा निकष ठरायला हवा.